भाकरी खाऊनही टीटीजी उतरत नसेल, तर आधी गिरणीत जाऊन बघा

अमळनेर तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी नऊ वर्षांची. दोन वर्षं पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, लोहाची औषधं देऊनही रक्त वाढत नव्हतं. शेवटी टीटीजीची, म्हणजे सिलिअॅकमध्ये रक्तात वाढणाऱ्या अँटिबॉडीची तपासणी झाली, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासला आणि सिलिअॅक, म्हणजे गहू-जवातल्या ग्लूटेन या प्रथिनानं आतड्याला इजा होणारा आजार, असल्याचं नक्की झालं. सहा महिन्यांपासून पोळी बंद आहे, घरी ज्वारीची भाकरीच देतात. तरी टीटीजी ‘200 पेक्षा जास्त’वरून 140 पर्यंतच आलं, हिमोग्लोबिन 9.4 आहे आणि उंची जिथल्या तिथे. सासूबाई म्हणतात, “एक घास खादा ते काय व्हस?” थोरल्या जाऊबाईंनी पोळीनं पोट फुगतं म्हणून स्वतःहूनच गहू सोडलाय. आता मुलीचं आणखी काय बंद करू, असं त्या विचारतात.

ताई, आणखी काही बंद करू नका. नऊ वर्षांच्या लेकराच्या ताटातून आधीच बरंच गेलंय. तुम्ही देताय ते अन्न बरोबर आहे. त्या अन्नात वाटेत कुठेतरी गहू मिसळतोय, तो शोधायचा आहे.

मी जळगावात 22 वर्षं लहान मुलांच्या पोटाचे आजार बघते. सुरुवातीच्या काळात यावल तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे यायचा. आठ महिने झाले तरी त्याचा आकडा हलेना. मी त्याच्या आईला सगळ्यांदेखत म्हणाले, “तुम्ही त्याला चोरून बिस्किट देता.” ती माउली रडत रडत घरी गेली. पुढच्या खेपेला ती पिठाची पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, “मॅडम, हेच पीठ खातो तो, दुसरं काही नाही.” पीठ कुठून दळून आणता, हे मी तेव्हा पहिल्यांदा विचारलं. गावातली एकच चक्की, तिच्यावर दिवसभर गहू आणि मधूनच ज्वारी. दोष मी आईला दिला होता, तो चक्कीचा निघाला. त्या दिवसापासून पेशंटला काय खाता हे विचारायच्या आधी मी कुठे दळता ते विचारते.

जरा हिशेब मांडू. समजा तुमच्या आधी कुणीतरी गहू दळून नेला आणि दगडांच्या मध्ये, पन्हाळीत, तोंडाला बांधलेल्या कापडी पिशवीत मिळून फक्त 50 ग्रॅम कणीक राहिली. मूठभरच. त्यावर तुमची 5 किलो ज्वारी दळली. 50 ग्रॅम कणकेत ग्लूटेन साधारण 4 ग्रॅम असतं. म्हणजे तुमच्या पिठात किलोमागे 800 मिलिग्रॅम ग्लूटेन आलं. आपल्याकडे कायद्यानं ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणायला किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. मुलगी दिवसाला तीन भाकरी, म्हणजे 150 ग्रॅम पीठ खात असेल, तर तिच्या पोटात रोज 120 मिलिग्रॅम ग्लूटेन जातंय. दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंत बहुतेकांच्या आतड्याला सोसतं, आणि रोज 50 मिलिग्रॅम पोटात जात राहिलं तर आतड्याला पुन्हा इजा होते, एवढं अभ्यासातून कळलेलं आहे. घरात कुणीही पोळी दिलेली नसताना तुमची मुलगी त्याच्या दुपटीहून जास्त खात असू शकते.

तेव्हा आधी गिरणी. शक्य असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका, पाहुण्यांसाठीसुद्धा नाही. जुनी, दुसऱ्याच्या घरात गहू दळलेली घरघंटी घेऊ नका. तेवढी ऐपत नसेल तर घरातलं जातं बाहेर काढा. माझ्याकडे येणाऱ्या दोन-तीन घरांत आजीनं नातवासाठी रोज दोन वाट्या ज्वारी जात्यावर दळली आहे. त्या जात्यावर पूर्वी गहू, दलिया भरडला असेल तर पाळू उचलून दोन्ही तळ्या ब्रशनं घासून घ्या, आणि पहिल्या दोन-चार मुठींचं पीठ गुरांना घाला. गिरणीशिवाय गत्यंतरच नसेल, तर जिथे ज्वारी-बाजरीची चक्की वेगळी आहे अशी गिरणी शोधा. गिरणीवाल्याला नुसतं “स्वच्छ दळा” म्हणू नका, त्याला आजार समजावून सांगा. सकाळी चक्की झाडून सुरू केली की पहिला नंबर दुसऱ्या कुणाच्या तरी ज्वारीचा लावायला सांगा, तुमचा त्याच्यानंतर, आणि पिशवी स्वतःची न्या. एवढं करूनही चक्की गव्हाची असेल तर मी त्या पिठाला सुरक्षित म्हणणार नाही, कमी धोक्याचं म्हणेन.

धान्यही दळायच्या आधी निवडा. आपल्याकडे दादर ही ज्वारी आणि गहू दोन्ही रब्बीचे, त्याच खळ्यावर, त्याच मळणीयंत्रातून, त्याच गोण्यांतून येतात. ताटलीत दादर पसरली की गव्हाचे दाणे डोळ्यांना दिसतात. पाखडा, निवडा, धुवा, वाळवा, मग दळा. बाजारातलं सुटं तयार ज्वारीचं, नागलीचं पीठ आणि सुटं बेसन मुलीसाठी आणूच नका. ते कुठल्या चक्कीवर झालं ते दुकानदारालाही माहीत नसतं.

यानंतर घर. लाकडी काठवटीत कणीक मळली गेली असेल तर ती काठवट मुलीच्या भाकरीला चालणार नाही. लाकडाच्या रेषांत पीठ बसतं आणि धुऊन निघत नाही. पोळपाट-लाटणं, चाळणी, तवा, उलथनं तिचं वेगळं करा आणि त्याला लाल दोरा बांधून ठेवा, म्हणजे घाईच्या वेळी जाऊबाईंचाही हात चुकणार नाही. स्टीलची परात, पातेली, ताट-वाटी वेगळी लागत नाही, नीट घासली की झालं. भाजून ग्लूटेन जळून जातं असा पुष्कळांचा समज आहे. तसं होत नाही. ज्या तेलात पुऱ्या किंवा कुरडया तळल्या त्या तेलात तिचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, तळायचे नाहीत. घरात आधी तिची भाकरी थापायची, मग कणकेचा डबा उघडायचा. पीठ उडतं आणि बसतं, म्हणून हा क्रम.

हिंगाची डबी उलटी करून वाचा. बाजारातला पिवळा बांधानी हिंग म्हणजे थोडा हिंग, डिंक आणि बऱ्याचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा. एकट्या हिंगानं आकडा 140 वर अडकला असं मी म्हणणार नाही, चिमूटभर हिंग सगळ्या घराच्या वरणात वाटला जातो. पण फोडणी रोज दोन वेळची असते. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, खड्याचा शुद्ध हिंग मिळतो, नाहीतर लसूण-जिऱ्याची फोडणी द्या. खानदेशी वरणाला लसूण शोभतोच. बाकी नावं पाठ करून ठेवा: रवा, मैदा, दलिया, शेवया, जव, माल्ट, सोया सॉस. दुधात घालायच्या पावडरींत माल्ट म्हणजे जवाचाच अंश असतो. सातूचं पीठ आपल्याकडे गहू घालूनच करतात. ओट्स पहिलं वर्षभर तरी नकोतच. उन्हाळ्यात कुरडयांचा गरम चीक वाटीत घेऊन पोरं अंगणात बसतात, तो चीक गव्हाचाच.

आता सासूबाईंचं. त्यांच्यावर चिडू नका. नातीच्या मायेनंच बोलतात त्या. त्यांना मांड्याच्या, म्हणजे आपल्या मोठ्या पुरणपोळीच्या उदाहरणावरून समजावा. त्यांनी उभ्या आयुष्यात शेकडो मांडे खापरावर टाकले असतील. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत मोठा होतो, आरपार दिसायला लागतो, तरी फाटत नाही. ज्वारीच्या पिठाचं तसं करून बघा म्हणावं, हातावर घ्यायच्या आधीच तुटेल. गव्हाला ताणून धरणारी जी चिकटी आहे तीच ग्लूटेन. ती आपल्या पोटात पूर्णपणे पचत नाही, तिचे तुकडे शिल्लक राहतात. बहुतेकांना त्यानं काही होत नाही. तुमच्या मुलीचं शरीर मात्र त्या तुकड्यांना शत्रू समजतं आणि त्यांच्याशी लढताना स्वतःच्याच आतड्याला मारतं. आतड्याच्या आत मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, अन्नातलं सत्त्व तेच ओढून घेतात. ते झिजून सपाट झाले की लोह दिलं तरी वाहून जातं. म्हणून तुमच्या लोहाच्या बाटल्या संपल्या आणि रक्त वाढलं नाही.

ही लढाई सुरू करायला तोफ लागत नाही. अर्धा ग्रॅम कणीक, चिमटीत मावेल एवढी, तिच्यात चाळीस-पन्नास मिलिग्रॅम ग्लूटेन असतं. सासूबाईंचा एक घास त्याच्या कितीतरी पट आहे. तो खाल्ल्यावर त्या दिवशी पोट दुखलं नाही, जुलाब झाले नाहीत, तरी आत नुकसान झालेलं असू शकतं. “काल खाल्ला, काही झालं नाही” हा पुरावा धरू नका.

हे मोठ्या शास्त्रज्ञांनाही सहज कळलं नव्हतं. 1888 मध्ये सॅम्युअल गी या इंग्रज डॉक्टरांनी या आजाराचं नीट वर्णन केलं आणि उपाय असेल तर तो आहारातच असेल असंही लिहिलं, पण नेमकं काय सोडायचं ते त्यांना सापडलं नव्हतं. विलेम डिके हे हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ. त्यांना 1930 च्या दशकापासून गव्हाची शंका होती. दुसऱ्या महायुद्धात 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि या आजाराची मुलं त्या काळात सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. 1950 मध्ये त्यांनी आपलं संशोधन प्रबंधात मांडलं. तोवर किती मुलं गेली असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. आज आपल्याला कारण माहीत आहे. गोळी अजून नाही, पण अन्न हाताशी आहे.

आणि ते अन्न खानदेशात जेवढं सहज आहे तेवढं कुठे नसेल. पुण्या-मुंबईकडून लोक ग्लूटेनमुक्त पावाची महागडी पाकिटं मागवतात, तुम्ही तसलं काही मागवू नका. त्यांत बरेचदा स्टार्च, साखर आणि तेलच जास्त असतं. आपल्या दोन पिढ्या आधीच्या घरात गव्हाची पोळी सणाला आणि पाहुण्याला होती, रोजचं पोट दादरच्या भाकरीवर भरायचं. कळण्याची भाकरी तर मी औषधासारखी लिहून देते. ज्वारीत उडीद घालून दळलेलं कळणं म्हणजे धान्य आणि डाळ एकाच घासात. वाढत्या मुलीला प्रथिनं हवीत, लोह हवं, ते तिथे आहे. फक्त उडीदही निवडून घ्या. भरिताबरोबर कळण्याच्या पुऱ्या करताना त्या लाटता याव्यात म्हणून काही घरांत त्यात कणीक घालतात, तेवढी विचारून घ्या. थंडीत बाजरी, मुलांना नागलीची आंबील, सातपुड्यात आदिवासी घरांत होते तशी मक्याची भाकरी, उपासाची भगर, राजगिरा, शिंगाडा. भात आणि खानदेशी खिचडी आहेच. डाळी, दूध, अंडी, मटण, सगळ्या भाज्या, शेंगदाणे, तीळ चालतात. केळी तर आपल्या दारात. हिवाळ्यात मळ्यात भरताची पार्टी निघाली तर तिला जरूर न्या. वांगी, मिरच्या, लसूण, कांद्याची पात, यात गहू कुठेच नाही, भाकरी तेवढी घरून बांधून न्या.

शेवभाजीचं थोडं सांभाळा. शेव बेसनाची असली तरी दुकानातली शेव त्याच कढईत तळली जाते जिच्यात कचोरी-समोसे तळले, आणि त्यात हिंगही असतो. घरी हरभरा डाळ दळून घरच्या तेलात शेव पाडा. बट्टीवर मुलांचा जीव असतो, ती तोडू नका. मक्याचं जाडसर पीठ, थोडं ज्वारीचं, ओवा, मीठ, तेलाचं मोहन, गरम पाण्यात मळून गोळे उकडायचे, गार झाले की कापून तळायचे. गव्हाच्या बट्टीसारखी खुसखुशीत होत नाही, हे आधीच सांगते. पण तुरीच्या वरणात कुस्करून तूप सोडलं की पोरं खातात. लग्नाच्या पंगतीत मात्र तिचा डबा सोबत हवाच. वाढप्याच्या त्याच हातात बट्टी आणि त्याच हातात भात असतो.

एक गोष्ट पहिल्या काही महिन्यांत लक्षात ठेवा: आतडं सुजलेलं असताना दूध पचायला जड जातं, कारण दुधातली साखर पचवणारा रसही त्या अंकुरांतूनच येतो. दूध प्यायल्यावर पोट फुगत असेल तर काही आठवडे दही-ताक द्या. अंकुर भरून आले की दूध परत सुरू होतं. ते कायमचं बंद करू नका, तिच्या हाडांना लागतं.

सणांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण श्रावण आला की तुम्हाला अडचण येणार आहे हे मला माहीत आहे. कानबाई देवीचे रोट गव्हाचे, भाऊबंदांनी मिळून खायचे, उरू द्यायचे नाहीत. तिथे नऊ वर्षांच्या मुलीला “तुला नाही” असं दहा जणांत म्हटलं तर ते तिच्या मनात राहतं. आमच्याकडच्या एका घरानं काढलेला मार्ग मला पटला. लेकीनं रोटाला हात लावून नमस्कार करायचा, तिच्या वाटचा रोट बापानं खायचा, आणि कानबाईपुढचं केळं आणि गूळ-खोबरं तिनं खायचं. कणकेच्या दिव्याला, रोटाला हात लागल्यानं काही होत नाही, तोंडात जायला नको. हात धुतले की झालं. ही गोष्ट कानबाई बसायच्या आठ दिवस आधी सासूबाईंच्या तोंडून भाऊबंदांना कळू द्या, तुमच्या तोंडून नको. सत्यनारायणाच्या शिऱ्याचंही असंच, केळ्याचा प्रसाद आधी बाजूला काढून ठेवा, शिऱ्याच्या पळीनं वाढलेला नको.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि ताटात आमरस-पुरणपोळी. पुरण मुळात हरभरा डाळ आणि गूळ, त्याला काही अडचण नाही. तांदळाच्या उकडीत पुरण भरून मोदकासारखं वाफवा, नाहीतर तांदळाच्या धिरड्याबरोबर आमरस द्या. मांडा तिला मिळणार नाही, हे खरं आहे, आणि ते तिला खरंच सांगा. पुढच्या वर्षी खाशील असं सांगू नका. मुलं खोटी आशा लक्षात ठेवतात आणि मग चोरून खातात. शाळेतही वर्गशिक्षिकेला प्रत्यक्ष भेटून सांगा. वाढदिवसाच्या केकच्या दिवशी तिच्या दप्तरात राजगिऱ्याचा लाडू किंवा शेंगदाण्याची चिक्की असू द्या.

आता तुमच्या आकड्यांकडे येते. पहिला रिपोर्ट ‘200 पेक्षा जास्त’ एवढाच होता. प्रयोगशाळेचं यंत्र त्याच्यापुढे मोजत नाही. खरा आकडा 300 असेल किंवा 900. म्हणजे 140 ही मोठी उतरणही असू शकते, नुसत्या या आकड्यावरून हताश होऊ नका. पूर्ण नॉर्मल यायला बऱ्याच मुलांना वर्ष लागतं, काहींना दोन. मला काळजी वाटते ती उंचीची आणि रक्ताची. गहू खरोखर बंद झाला की मुलं सहा महिन्यांत वाढीला लागतात. तुमच्या मुलीची उंची जागची हलली नाही, म्हणूनच मी गिरणीवर एवढी अडून बसले आहे. पुढची टीटीजी त्याच प्रयोगशाळेत करा, वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12, ड जीवनसत्त्व आणि थायरॉईड बघून घ्या. सिलिअॅकच्या जोडीला थायरॉईडचा आजार आणि लहानपणीचा मधुमेह जास्त आढळतो.

घरातल्या इतरांची तपासणी राहिली असेल तर ती आता करा. ज्याला सिलिअॅक आहे त्याच्या आई-बाप-भावंडांत साधारण दहा-वीसांतल्या एकाला तो असू शकतो, आणि त्याला जुलाब होतीलच असं नाही. तिचा धाकटा भाऊ असेल आणि तो बुटका राहत असेल, तोंड सारखं येत असेल, तर थांबू नका. ही तपासणी होईपर्यंत त्यांचा गहू चालूच ठेवा.

हेच जाऊबाईंना सांगायचं आहे. त्यांनी घाई केली. गहू सोडल्यावर टीटीजी हळूहळू उतरतं आणि आतडंही भरून येतं, मग तपासणीत काही दिसत नाही. त्यांना सिलिअॅक आहे की नाही हे कळायचं असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज दोन पोळ्या सहा-आठ आठवडे खाऊन मग तपासावं लागेल. त्या तुमच्या मुलीच्या चुलत्याच्या घरच्या, रक्ताच्या नाहीत, तेव्हा तिच्या आजारामुळे त्यांचा धोका वाढत नाही. पोळीनं पोट फुगणाऱ्या बऱ्याच जणांना सिलिअॅक नसतोच. गव्हात ग्लूटेनशिवाय फ्रुक्टान नावाची एक साखर असते, ती कांद्या-लसणातही असते, आणि तिनं काहींच्या पोटात वायू धरतो. तसं असेल तर पोळी कमी करून भागतं, तव्या-काठवटीपर्यंत जायची गरज नसते. निदान न करता आयुष्यभर पथ्य धरणं आणि सिलिअॅक असताना अर्धंमुर्धं पथ्य करणं, दोन्ही वाईट. तपासणीची वेळ हुकू देऊ नका.

आता क्रमही सांगते. या आठवड्यात पीठ आणि काठवट बदला, पुढच्या आठवड्यात हिंग आणि तळणाचं तेल. आजच उंची भिंतीवर पेन्सिलीनं खूण करून ठेवा, आणि मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळीच, अनवाणी उभं करून. तीन महिन्यांनी रक्त तपासा आणि येताना हिंगाची डबी, बेसनाचं पाकीट आणि वाटीभर पीठ घेऊन या. सासूबाईंनाही सोबत आणा. मांडे कसे करायचे ते त्यांच्याकडून मलाही शिकायचं आहे, आणि आपल्या नातीसाठी जातं कसं लावायचं हे त्यांच्याशिवाय कुणाला येणार.